उपरण्याखालचं उपरण्याखाली

माळसांगवीचा मंगळवारचा बैलबाजार दुसऱ्यांदा बंद झाला, तेव्हा रखमाजीने खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला अडकवलं आणि तीन महिने त्याला हात लावला नाही. एकदा त्याची बायको भामाबाई ते धुवायला घेऊन निघाली, तर हा एवढ्या मोठ्यांदा खेकसला की बिचारीच्या हातातला साबण मोरीत गेला. "ऱ्हाऊ द्या मंग तिथंच, उदबत्ती लावा त्याला," म्हणत तिने ते परत खुंटीला टांगलं.

उपरणं तसं साधंच. पांढरं, काठाला लाल रेघ, मधोमध विटलेलं. पण चाळीस वर्षं बैलांची दलाली केलेल्या माणसाचं सगळं दुकान तेवढंच असतं. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी हे जरा सांगायला हवं. इथे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वरून उपरणं टाकतो आणि आत बोटांची बोलणी चालतात. तीन बोटं धरली, दोन दाबली, एक सोडलं, की कळलं किती हजार. मग तोच हात घेणाऱ्याच्या हातात जातो. भोवती पन्नास माणसं माना उंचावून उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. शहाणे लोक म्हणतात, ही दलालांची लबाडी. असेलही. पण पोरीच्या लग्नासाठी ज्याला दावणीचा बैल सोडावा लागतो, त्याला आपली अडचण चारचौघांत ओरडून सांगायची नसते. शहाण्यांना बैल विकायची वेळ येत नाही, म्हणून त्यांना ते कळत नाही.

या धंद्याला कायदा एकच. उपरण्याखालचं उपरण्याखाली. भाव तर नाहीच सांगायचा, पण हातातून दुसरं जे काही कळेल तेही बाहेर काढायचं नाही. आणि कळतं पुष्कळ. रखमाजी म्हणायचा, "मानूस तोंड बाजारासाठी घिऊन येतो, हात मातुर घरनं आलेला असतो." कोण रात्रभर जागा आहे, कुणाला दारूचं कापरं आहे, कोण बायकोला न विचारता आलाय, हे त्याला बोटांवरून उमगायचं. एखाद्याने अंगठा त्याच्या तळव्यात रुतवला, की त्याचा अर्थ ठरलेला होता: तात्या, हे पोटात ठेवा. तात्या ठेवायचा. बहात्तरच्या दुष्काळात बाप खडी फोडायला गेला आणि मामाने या पंधरा वर्षांच्या पोराला बाजारात बैलांना पाणी दाखवायला आणलं. तेव्हा मामाने शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती. आता चौसष्टाव्या वर्षी त्याच्या पोटात अर्ध्या तालुक्याची गुपितं होती आणि तरी ढेरी म्हणून सुटली नव्हती.

तर असा हा बाजार मागच्या वर्षी बंद झाला, दिवाळीच्या आसपास सुरू झाला, आणि मार्चअखेर पुन्हा बंद पडला. बंद, चालू, बंद, सकाळी अकरापर्यंत चालू. तालुक्याहून इतके कागद आले की पंचायतीच्या फळ्यावर डकवायला जागा उरली नाही. लोक वाचेनासे झाले. माणूस मरणाला जसा कंटाळतो तसा जगण्याच्या नियमांनाही कंटाळतो, आणि जूनपर्यंत माळसांगवी दोन्हीला कंटाळली होती.

रखमाजीच्या घरात बाजार उघडा म्हणणारा एक होता, बंद ठेवा म्हणणारी एक होती, आणि त्या दोघांचा संसार एकच होता. मुलगा नितीन जनावरं वाहायचा टेम्पो चालवायचा. टेम्पो तीन महिने दारात उभा होता, आणि त्याच्या हौद्यात एका कोंबडीने अंडी घालून पिल्लंसुद्धा काढली होती. सून वृषाली गावची आशा सेविका. एप्रिलमध्ये ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र घेऊन ती घरोघर फिरली, आणि वीस दिवसांत अकरा घरांतून माणूस जाताना तिने पाहिला.

"शुगर फॅक्टरी चालू, दारूचं दुकान चालू, पन्नास मानसांत लग्नं चालू," नितीन जेवताना सुरू करायचा. "बैलालाच तेवढा करोना व्हतो व्हय?"

"बैलाला न्हाई, बैलामागं येनाऱ्या दोन हजार मानसांला व्हतो," वृषाली म्हणायची.

"मंग खायचं काय?"

"आत्ता ताटात हाय ते खावा."

"भाकरी गार व्हती हाय," भामाबाई मध्ये पडायची. "भांडायचं ते हात धुतल्यावर भांडा."

रखमाजी दोघांच्या मधे बसून जेवायचा आणि अवाक्षर काढायचा नाही. नितीनला वाटे, तात्या आपल्या बाजूने आहेत, धंदाच त्यांचा आहे. वृषालीला वाटे, तात्या आपल्या बाजूने आहेत, म्हणून तर उपरण्याला हात लावत नाहीत. खरं म्हणजे तो कुणाच्याच बाजूने नव्हता. त्याच्या डोक्यात एकच मंगळवार होता, शेवटचा.

तो धुळवडीच्या दुसऱ्या दिवसाचा मंगळवार. पुढचा बाजार भरणार नाही अशी कुणकुण लागल्यामुळे काष्टीपासून खर्ड्यापर्यंतची माणसं लोटली होती. खालच्या मळ्यातला मच्छिंद्रही आला होता. पस्तिशीचा, कष्टाळू, जरा हट्टी. त्याच्या दावणीला एकच बैल उरला होता, जोडीचा दिवाळीत दगावला होता, आणि पेरणीआधी जोड लावायचीच असं त्याने मनाशी घेतलं होतं. एका खोंडावर नजर ठरली. रखमाजीने विकणाऱ्याचा हात घेतला, भाव जाणून घेतला, मग मच्छिंद्रकडे वळून त्याच्या हातावर उपरणं टाकलं.

तो हात हातात आला आणि रखमाजी दचकला. नुसता गरम नव्हता. दुपारच्या उन्हात विसरलेल्या पहारीसारखा कोरडा आणि जळता होता. त्याने मान वर करून मच्छिंद्रकडे पाहिलं. मास्कच्या वर डोळे तांबारलेले. आणि त्याच वेळी मच्छिंद्रचा अंगठा त्याच्या तळव्यात रुतला, एकदा आणि पुन्हा एकदा, जोर लावून. तात्या, पोटात ठेवा.

त्या दिवसांत तापाला लोक चोरीसारखं लपवत. ताप म्हटला की शाळेत नेऊन ठेवायचे, घरावर पट्टी लागायची, डेअरीत दूध घ्यायचे नाहीत. आणि बाजारातून तसाच परत पाठवला असता तर खोंड गेला असता, आणि वर्षाची पेरणीही. हे सगळं रखमाजीला न सांगता कळलं. "पोरा, आदी दवाखान्यात जा," एवढे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण चाळीस वर्षांची सवय मोठी चिवट. त्याने बोटं दाबली, मच्छिंद्रने दाबली, सौदा झाला. तो खोंड घेऊन गेल्यावर रखमाजीने वृषालीने दिलेल्या बाटलीतलं सॅनिटायझर दोनदा हाताला चोळलं. तेवढं मात्र त्याला आठवलं, आणि पुढे या गोष्टीचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

शनिवारी मच्छिंद्रला धाप लागली आणि नगरला नेलं. नवव्या दिवशी तो गेला. गावात प्रेतही आलं नाही. रखमाजीला साधी शिंकसुद्धा आली नाही. घरात कुणालाच काही झालं नाही. देवाने वाचवलं, असं भामाबाई म्हणायची, आणि हा अंगणात जाऊन उभा राहायचा.

जूनच्या मधल्या आठवड्यात एका सकाळी मच्छिंद्रची बायको माधुरी त्यांच्या दारात आली. पायरीपासून चार हात दूर, टेम्पोच्या सावलीत बसली. भामाबाईने चहा आणला, तिने तो न पिता बाजूला ठेवला.

"तात्या, बाजार सुरू करायची मीटिंग हाय म्हनं मंगळवारी," ती म्हणाली. "तुमी बोला. तुमचं ऐकतील."

"तू बाजार सुरू करा म्हनतीस?" रखमाजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मंग काय करू? जोड दावनीला उबी हाय. रोज वैरन खाती. मला औत धरता येत न्हाई, दीर म्हनतो टॅक्टरनं पेरू. पेरन्या झाल्यावर बैलाला कोन इचारतंय? आत्ता गेली तर जातील." तिने चहाचा कप आणखी लांब सरकवला. "आन् त्यो खोंड माझ्याच्यानं बघवत न्हाई, तात्या. त्याच्यापायीच आमचं भांडान झालं हुतं."

मग ती सांगत गेली. तिला कुणीतरी ऐकायला हवं होतं, आणि तीन महिन्यांत लोक लांबूनच विचारपूस करून जात होते. धुळवडीच्या दिवशी दोघांचं वाजलं होतं. ती म्हणत होती बैल नको, भाड्याने ट्रॅक्टर लावू. तो चिडला. "ऱ्हा तू टॅक्टरवर," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिच्या हातून चहा घेतला नाही.

"म्हनायचा, खाली ठिव. ताट दिलं तरी खाली ठिव. गोठ्यात जाऊन निजायचा. मला वाटलं, करू दे राग, चार दिसांनी उतरल. मी बी ताठ्यात. मी बी बोलले न्हाई. शुक्रवारी बघते तर अंग फनफनलेलं. दाक्तर म्हनला, चार दिस आदी आनायचा." पदराने तिने डोळे पुसले नाहीत, नुसता पदर हातात धरून बसली. "दवाखान्यातनं एकदाच फोन आला. खोंडाला पेंड घाल म्हनला. माझ्यासंगं एक शबूद न्हाई. तसाच गेला, रागातच गेला. दीड खोलीच्या घरात मानसाला ताप येतो आन् बायकूला कळत न्हाई, तात्या. असली कसली बायकू मी?"

 रखमाजीला सगळं एकदम समजलं. मच्छिंद्र रागावलेला नव्हता. कपाबरोबर बोटाला बोट लागलं असतं तर ताप तिला कळला असता, म्हणून 'खाली ठेव' होतं. पहिल्यांदा ती बाजाराला जाऊ देणार नाही म्हणून लपवलं, आणि नंतर तिला लागू नये म्हणून तो गोठ्यात निजला असेल. हे या पृथ्वीच्या पाठीवर आता एकट्या रखमाजीला ठाऊक होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं: तुझा नवरा रागावला नव्हता, त्याला मंगळवारीच ताप होता. पण त्या वाक्याला शेपूट होतं: आणि मला तो माहीत होता. पहिला अर्धा भाग तिला हवा होता आणि दुसरा अर्धा भाग सांगितल्याशिवाय पहिला सांगता येत नव्हता.

"बोलतो मी मीटिंगमधी," तो म्हणाला. तेवढंच.

ती गेली. तिचा चहा तसाच होता, साय धरलेला. भामाबाईने कप उचलला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून काही विचारलं नाही. एवढ्या वर्षांत तीही शिकली होती.

मीटिंग बाजारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. जमिनीवर चुन्याने वर्तुळं आखली होती, एकात एक माणूस. पाचच मिनिटांत लोक कुजबुजायला सरकत सरकत एकेका वर्तुळात तिघं झाले. सरपंच राधाकृष्ण मास्क हनुवटीला लावून बसला होता. माणूस भला, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्याला नेमकी लघवी लागायची.

"माझी कढई तीन म्हैने पालथी हाय," बाजारतळावर भेळ-भजी विकणारा कानिफनाथ उठला. "मला कोनी सांगावं, काष्टी उगडनार, घोडेगाव उगडनार, आन् आपून काय आरती करत बसायचं? गिऱ्हाईक एकदा तिकडं वळलं की परत येत न्हाई. बाजार मेला की गाव मेलं."

"गाव मेलंच हुतं एप्रिलात," मागून वृषाली म्हणाली. सासरा समोर बसलेला, तरी ती उभी राहिली. "कानिफभाऊ, तुमच्या भावजयीच्या बोटाला मीच मशीन लावलं हुतं. आकडा बघितला अन् तुमाला म्हनले, बरं हाय, फकस्त नगरला न्या. खोटं बोलले मी. मला परत तसं बोलायला लावू नका."

कानिफनाथ खाली बसला. मग दोन्हीकडून एकदमच गलका झाला. कुणी म्हणालं लस घेतलेल्यांनाच सोडा, कुणी म्हणालं मग बैलांनाच पाठवा, मालक नकोत. ज्याचं घर सुतकात होतं तो उघडा म्हणत होता आणि ज्याच्या घरात पेन्शन होती तो बंद म्हणत होता, आणि याच्या उलटेही होते. कुणीच पुरता चुकीचा नव्हता, म्हणून तर दोन तास झाले तरी संपेना. शेवटी राधाकृष्ण म्हणाला, "तात्या काय म्हंत्यात ते बघू. बाजारात सगळ्यात जुनं मानूस तेच हाय." आणि तो लघवीला गेला.

रखमाजी उठला. गुडघ्यावर हात ठेवून, दमाने. माधुरी शेडच्या बाहेर बाभळीखाली उभी होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"उगडा," तो म्हणाला.

नितीनच्या बाजूने टाळ्या पडल्या.

"पर उपरनं नगं. हातात हात नगं. दारात ताप मोजायचा, आन् भाव तोंडानं बोलायचा. मोठ्यानं."

टाळ्या थांबल्या. दलालांच्या घोळक्यातून एकजण म्हणाला, "तात्या, भाव तोंडानं बोलायचा तर दलाल कशाला पायजे? गिऱ्हाईकाला काय तोंड न्हाई?"

"मंग नसल पायजे दलाल."

"तुमचं काय जातंय, तुमी म्हातारे झाले!"

"व्हय, झालो," रखमाजी म्हणाला आणि खाली बसला.

ठराव तसाच झाला, कारण त्याने दोन्ही बाजूंचं थोडं थोडं नुकसान होत होतं, आणि गावात तेवढ्यावरच एकमत होतं. परत येताना नितीन सगळी वाट बापाशी बोलला नाही. घरी आल्यावर वृषालीने सासऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "तात्या, लई बरं बोलला तुमी. हाताहातानं काय काय गेलं असल, कोनी इचारच केला न्हाई." रखमाजी पाणी प्यायला आणि तिच्याकडे न बघता उठला. देवळातून चप्पल चोरून आलेल्याला प्रसाद दिल्यासारखं त्याला झालं.

पुढच्या मंगळवारी बाजार भरला. पूर्वीसारखा नाही, निम्मासुद्धा नाही, पण भरला. बैलांच्या गळ्यातले घुंगरू तीन महिन्यांनी वाजले, कानिफनाथच्या कढईतून धूर निघाला, आणि माणसं एकमेकांना ओळखायला मास्क खाली ओढत होती. दारात वृषाली ताप मोजायची बंदूक घेऊन उभी होती. कपाळासमोर धरायची, बंदूक टुक करायची, ती आकडा मोठ्याने सांगायची आणि सोडायची.

रखमाजी उपरणं न घेता आला होता. खांदा उघडा उघडा वाटत होता आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. सवयीने एकदोघांनी हात पुढे केले, त्याने आपले पाठीमागे घेतले. भाव तोंडाने बोलायला सगळेच लाजत होते. एक शेतकरी आपल्या बैलाचा भाव एवढा हळू बोलला की तीनदा विचारावं लागलं, आणि तिसऱ्यांदा त्याने दोन हजार कमी सांगितले.

दहाच्या सुमारास दारात बंदूक टुक झाली, आणि वृषालीचा हात तिथेच थांबला. समोर धोतरातला एक म्हातारा, मागे त्याची गाय.

"बाबा, ताप हाय तुमाला," वृषाली म्हणाली. "एकशे एक. गाय घिऊन घरी जावा, आन् आजच्या आज दाक्तरला दाखवा."

"न्हाई बाई, ऊन लागलं आसंल. चालत आलोय."

"बाबा, ताप हाय. जावा घरी."

म्हातारा जरा घुटमळला, पुटपुटला, आणि गाय वळवून निघून गेला. आभाळ कोसळलं नाही. बाजार होता तसा चालू राहिला. वृषालीने पुढच्याच्या कपाळासमोर बंदूक धरली.

रखमाजी ते बघत उभा होता. एवढंच होतं, त्याला वाटलं. एवढंच बोलायचं होतं. त्याने शेजारच्या बैलाच्या पाठीवर हात टेकला.

माधुरी जोडी घेऊन आली होती. दावी तिने स्वतः धरली होती, दीर मागे उभा. जोडी चांगली राखली होती, अंग चकाकत होतं, खोंड तर तीन महिन्यांत भरला होता. खर्ड्याकडचा एक व्यापारी दोन वेळा फिरून पाहून गेला होता आणि आता समोर येऊन थांबला. चार माणसं जमली, मग दहा. दलाल कोपऱ्यात उभे राहून रखमाजीची फजिती बघायला टपले होते.

"बोला तात्या," व्यापारी म्हणाला. "काय म्हनती पार्टी?"

रखमाजीने माधुरीकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती, विश्वासाने. तो विश्वासच त्याला सोसवेना.

"भाव सांगतो," तो म्हणाला. "त्याच्याआदी एक सांगायचंय. माधुरी, ह्यो खोंड घेतला त्या दिशी मच्छिंद्राचा हात माझ्या हातात हुता. ताप हुता त्याला. जळत हुता हात. मंगळवारीच."

 दलालांपैकी एकजण पुढे आला. "तात्या, उपरन्याखालचं..."

"ठावं हाय मला," रखमाजी त्याच्याकडे न वळता म्हणाला. "त्यानं अंगठा दाबला, पोटात ठिवा म्हनून. मी ठिवलं. त्याला बोललो न्हाई दवाखान्यात जा म्हनून, आन् मळ्यात यिऊन तुला बी सांगितलं न्हाई. चार दिस तिथंच गेले. तुझ्यामुळं न्हाई गेले. माझ्यामुळं गेले."

 दारात वृषाली बंदूक खाली करून इकडे बघत होती. नितीन टेम्पोला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

माधुरीला आधी समजलंच नाही.  

"मंगळवारी?" ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी तर त्यानं चहा..." आणि ती थांबली.

"हाताला हात लागला असता तर तुला कळलं असतं," रखमाजी म्हणाला. "म्हनून खाली ठिव म्हनायचा."

"गोठ्यात निजायचा..."

"तुला लागू नये म्हनून. मला असं वाटतं."

"मंजी रागावला नव्हता."

"न्हाई पोरी. रागावला नव्हता."

माधुरी खाली बसली. दावी हातातच होती, त्यामुळे दोन्ही बैलांच्या माना तिच्याकडे ओढल्या गेल्या. तीन महिने ती रडली नव्हती असं नाही, पण हे रडणं वेगळं होतं. भरल्या बाजारात, मातीत बसून, पदर न घेता ती रडली. खोंडाने मान खाली करून तिच्या केसांना हुंगलं आणि तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दीर पुढे झाला, तिने मान हलवून त्याला लांब ठेवलं. व्यापारी डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. रखमाजीला तिच्याजवळ बसावंसं वाटलं, पण तो हक्क आपला नाही हे त्याला कळत होतं, म्हणून तो उभाच राहिला.

बऱ्याच वेळाने ती उठली. साडीची माती झटकली. चेहरा ओला होता, पण डोळे त्याच्यावर रोखलेले होते, आणि मघाचा विश्वास त्यात उरला नव्हता.

"तीन म्हैने, तात्या," ती म्हणाली. "तुमच्या दारात बसून मी सांगत हुते. माझा चहा गार झाला."

"व्हय."

"तवा बी बोलला न्हाई."

"न्हाई बोललो."

तो माफी मागणार होता. शब्द जमवत होता. पण तिने मान वळवली, दावी मनगटाला गुंडाळली आणि खोंडाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"आता भाव सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांला ऐकू जाऊ द्या."

आणि रखमाजीने आयुष्यात पहिल्यांदा, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने भाव सांगितला.